बाईसाहेबांची तहान

लाल कव्हरचं ते जाडजूड पुस्तक आकांक्षानं घरात आणलं, तेव्हा सपनानं ते आधी फ्रिजवर ठेवलं. मग तिथून उचलून गाद्यांच्या थप्पीखाली सारलं. फ्रिजमध्ये पोरीची औषधं असायची. त्या औषधांच्या डोक्यावर कव्हरवरची सुळे विचकलेली बाई तिला नको होती.

सपनाला पुस्तकांचं वावडं होतं असं नाही. तिचं माहेर कळमनुरीचं. तिथं बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीत पुस्तकं भाड्यानं मिळायची. कॉलेजच्या दिवसांत तिनं त्या टपरीतली सगळी भयकथांची पुस्तकं वाचून काढली होती. हडळी, प्रेतं, मानेत रुतलेले दात, विहिरीतून वर येणारे हात. परत करायला गेली की टपरीवाला विचारायचा, "झोप येती का गं पोरी?" ती म्हणायची, "लई छान येती, मामा. आता दुसरं द्या."

लग्न होऊन ती आखाडा बाळापूरला आली. आकांक्षा आठ महिन्यांची असताना तिचं पोट फुगायला लागलं, अंग पांढरं पडलं, आणि डॉक्टरांनी थॅलेसेमिया हा शब्द सांगितला. पोरीच्या अंगात रक्त धड बनत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागेल, जन्मभर. त्या दिवसापासून सपनानं तसलं पुस्तक हातात धरलं नाही. कुणी शपथ घातली नव्हती. इच्छाच मेली.

आता आकांक्षा अकरावीला होती. ते पुस्तक तिनं मैत्रिणीकडून आणलं होतं. पण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, रक्ताची तारीख जवळ आली की होतं तसं, तिला जिना चढताना धाप लागायला लागली आणि पुस्तकातली अक्षरं हलायला लागली.

"आई, तू वाच ना."

"दुसरं काही न्हाई का वाचायला?"

"तूच सांगायचीस, कॉलेजात असलीच वाचायचीस म्हणून. आता काहून भेतेस?"

सपना शिवणकाम करायची. मशीन बंद करून तिनं गाद्यांखालून पुस्तक काढलं आणि कूलरसमोर पोरीच्या उशाशी बसली.

गोष्ट डोंगरातल्या एका गडाची होती. गडावर एक सरदारीण, तीनशे वर्षं न मेलेली. खालच्या गावातले लोक तिला बाईसाहेब म्हणत. तिला रक्ताची तहान. एक नियम मात्र पक्का होता. घरमालकानं 'आत या' म्हटल्याशिवाय तिला कुणाचा उंबरठा ओलांडता येत नसे. म्हणून ती वेगवेगळी सोंगं घेऊन दारात उभी राहायची, आणि लोक बोलवायचे. तिसऱ्या प्रकरणात तिनं एका पालखीवाल्याचा गळा फाडला. लेखकानं हात सैल सोडला होता. रक्त छताला लागलं, भिंतीवरून ओघळलं, उंबऱ्यात थारोळं साचलं.

सपना वाचता वाचता थांबली.

"काय झालं?" आकांक्षा म्हणाली.

"छतापर्यंत गेलं म्हणतो."

"मग?"

"अर्धी पिशवी तिथंच गेली की."

आकांक्षा एवढी हसली की तिला दम लागला. सपनानं तिची पाठ चोळली. श्वास खाली बसल्यावर पोरगी म्हणाली, "बाईसाहेबाचं अन् माझं दुखणं एकच हाय, आई. फक्त तिला कोणी गट इचारत न्हाई. जो भेटल तो गट्टम. आमाला ओ निगेटिव्हच पायजे. आमी लाडाचे."

सपना पुढं वाचत राहिली, पण जुनी भीती काही येईना. येते का म्हणून तिनं वाटही पाहिली. लेखकानं रक्त पाहिलेलं नव्हतं, हे तिला दोन पानांत कळलं होतं. त्याच्या पुस्तकात ते नेहमी गरम, लालभडक आणि घाईत होतं. सपनाच्या ओळखीचं रक्त फ्रिजमधून थंडगार यायचं, जांभळासारखं काळपट, आणि थेंबाथेंबानं जायचं. पूर्वी ती गळा फाटणाऱ्याच्या बाजूनं वाचायची. आता आपण कुणाच्या बाजूनं वाचतोय, हे तिचं तिलाच समजेना. लग्नकार्यात बाया एकमेकींच्या साड्या बघायच्या. सपना गेली कित्येक वर्षं माणसांच्या कोपराच्या खळगीतल्या शिरा बघत आली होती.

चौथं प्रकरण सुरू करायच्या आत नांदेडच्या रक्तपेढीतून फोन आला. ओ निगेटिव्हची एकही पिशवी शिल्लक नव्हती. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद. फोनवरची बाई भल्या मनाची होती. म्हणाली, "ताई, तुमचा डोनर घेऊन या, लगेच तपासून देते. उद्या याच." डॉक्टरांनी परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन बघून हेच सांगितलं होतं. उद्याच्या पुढं ढकलायचं नाही, हृदयावर ताण येतोय.

सपना घाबरली नाही. असले फोन तिला नवे नव्हते. गावात आणि आसपास ओ निगेटिव्ह गटाची पाच माणसं तिनं सोळा वर्षांत जोडून ठेवली होती. त्यांच्या घरचं बारसं असो की मयत, सपना पहिली हजर. गावात दरवर्षी एप्रिलात जयंतीला रक्तदानाचं शिबिर व्हायचं, तेव्हा या पाच जणांना कुणी खाटेवर झोपू द्यायचं नाही. एकदा रक्त दिलं की पुढचे तीन महिने देता येत नाही. म्हणून हे पाच आकांक्षासाठी राखून ठेवलेले. गावाला ते पाठ झालं होतं.

ती आधी त्या पाचांतल्या ग्यानोबा मिस्त्रीकडं गेली. तो एका बांधकामावर विटांना पाणी मारत होता.

"ग्यानोबाभाऊ, उद्या चलायचं हाय नांदेडला. पोरीची तारीख आली."

ग्यानोबानं पाईप खाली टाकला. "आता? आता कसं जमल, ताई? गेल्या महिन्यात तर देलं की आमी पाचही जणांनी. आकांक्षालाच देलं."

"कुठं देलं?"

"प्रेमानंदभाऊच्या वाढदिवसाला. शिबिरात. तुमाला ठाव न्हाई?"

प्रेमानंद म्हणजे सपनाचा धाकटा दीर. यंदा पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. त्यानं जयंतीचं शिबिर रद्द करून आपल्या वाढदिवसाला 'महारक्तदान' ठेवलं. नेहमीची रक्तपेढी बोलावण्याऐवजी एका मोठ्या शहरातली खाजगी रक्तपेढी बोलावली, कारण ती प्रत्येक दात्याला हेल्मेट देत होती. त्या दिवशी सपना, सारखं रक्त चढवून अंगात साचणारं लोह उतरवायच्या औषधासाठी, पोरीला घेऊन नांदेडला गेली होती. शिबिर झालं एवढंच तिच्या कानावर आलं होतं. राखीव माणसांना कुणी हात लावणार नाही, हे तिनं धरूनच चाललं होतं.

"पण तुमी पाच जण कसे काय झोपले, भाऊ? तुमाला तर ठाव हाय."

"अहो, माईकवर पुकारलं ना! 'आपल्या आकांक्षासाठी एक पिशवी.' बॅनरवर पोरीचा मोठा फोटू. आमी म्हणलं, एवढा मोठा डॉक्टर लोकांचा ताफा आलाय, आता पोरीचं वर्षाचं एकदाच भागवून टाकतेत. म्या तर सगळ्यात पहिला झोपलो. वसरामबी तांड्यावरून मुद्दाम आला, त्याच्या बायकोनं म्हणे लवकर जेवू घालून धाडलं." ग्यानोबाचा आवाज उतरला. "मग ते रक्त गेलं कुठं?"

सपनानं तिथूनच राखीव माणसांतल्या शिलाला फोन लावला, वसरामला लावला, बाकीच्या दोघांना लावला. चौघांनी एकच वाक्य थोड्याफार फरकानं म्हटलं. आमी तर आकांक्षालाच देलं. वसरामनं वर विचारलं, "लेकरू आता बरं हाय ना, ताई?"

प्रेमानंदचं ऑफिस चौकात होतं. समोर आभाराचा फ्लेक्स अजून टांगलेला. एका कोपऱ्यात आकांक्षाचा शाळेतला फोटो, मधोमध प्रेमानंद खाटेवर झोपलेला, मुठीत चेंडू, चेहऱ्यावर हसू. आत पाच-सहा कार्यकर्ते बसले होते.

"या वैनी, या. ए, खुर्ची दे."

"भाऊजी, त्या शिबिरातलं रक्त कुठं गेलं?"

"गेलं म्हंजे? रक्तपेढीत."

"आकांक्षासाठी जे घेतलं ते."

प्रेमानंदनं लगेच फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडच्या माणसानं अदबीनं सांगितलं की संकलित साठा शहरातल्या रुग्णालयांना वितरित झालेला आहे, शिबिराच्या संयोजकांना मानपत्र पाठवलेलं आहे, मिळालं का?

"भेटलं, भेटलं," प्रेमानंद म्हणाला आणि फोन ठेवला. "वैनी, रक्त वाया थोडंच गेलं? कुण्या गरजूलाच भेटलं. रक्ताला जात नसते, गाव नसते."

"माझ्या पोरीला तारीख असते."

कार्यकर्ते मोबाइलकडं बघायला लागले. प्रेमानंदनं घसा साफ केला. "दोन दिवस द्या. वसमतला माणसं हायेत आपली, हिंगोलीत हायेत. ग्रुपवर मेसेज टाकतो. आणतो कोणीतरी."

"दोन दिवस न्हाईत."

"मग माझ्या हातात काय हाय, सांगा. मी तर स्वतः देऊन बसलो. न्हाई तर माझाबी गट तोच हाय की. दादाचा न्हाई, पण माझा हाय."

हे खरं होतं. आकांक्षाचं निदान झालं तेव्हा घरातल्या सगळ्यांचे गट तपासले होते. नवरा रत्नपाल ट्रकवर असायचा, त्याचा गट जुळत नव्हता. जुळला तो प्रेमानंदचा. पण त्या शिबिराआधीच्या सोळा वर्षांत त्याच्या दंडाला सुई लागली नव्हती. कधी बीपी, कधी कावीळ होऊन गेलेली, कधी मुंबईची बैठक.

सपना घरी आली. आकांक्षानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. नुसतं म्हणाली, "बाईसाहेब अर्ध्यावर राहिल्यात."

सपनाला त्या क्षणी पुस्तक भिंतीवर आपटावंसं वाटलं. पण पोरीचे ओठ कागदासारखे झाले होते, आणि पोरीला हवं असलेलं एवढं एकच त्या घरात देण्यासारखं होतं. ती वाचायला बसली. चौथ्या प्रकरणात गडावर मेजवानी होती. गावातली माणसं रांगेनं वर जात आणि खाली येताना प्रत्येकाच्या मानेवर दोन भोकं असत. त्यांना वर नेणारा गडाचा कारभारी होता. तो सगळ्यांना सांगे, माझीही मान बघा, मी तर रोज देतो. पण त्याच्या मानेला कायम शेला गुंडाळलेला. शेवटी एक म्हातारी तो शेला ओढते. मान कोरी.

सपना पुढच्या ओळीवर गेली, पण आकांक्षा ऐकत नव्हती. तिनं मोबाइल उचलला होता. काकानं तेव्हा ग्रुपवर टाकलेला शिबिराचा फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि आईसमोर धरला.

"काकाच्या हाताला काय हाय?"

"पट्टी हाय."

"नळी कुठंय?"

सपनानं मोबाइल जवळ घेतला. सोळा वर्षं तिनं नळ्या पाहिल्या होत्या. मूठ आवळलेली होती, म्हणजे रक्त चालू असल्याचा फोटो. पण रक्त चालू असताना पट्टी नसते, सुई असते, नळी असते, खाली हलणारी पिशवी असते. पट्टी नंतर लागते, आणि तेव्हा चेंडू काढून घेतात. इथं पट्टी होती, चेंडू होता. नळी नव्हती. पिशवीही नव्हती.

ती उठली. ती चप्पल घालत असताना आकांक्षा म्हणाली, "आई, भांडू नको. तो आला पायजे."

पोरीचं म्हणणं सपनानं पाळलं. ऑफिसात सगळ्यांदेखत ती काही बोलली नाही. "भाऊजी, जरा बाहेर येता का," एवढंच. फ्लेक्सच्या सावलीत तिनं मोबाइल पुढं केला. प्रेमानंदनं फोटो पाहिला, वर फ्लेक्सकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"तुमी देलंच न्हाई."

"वैनी, हळू."

"देलं का?"

"सुई बघितली की मला चक्कर येते. लहानपणापासून. दादाला इचारा." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "पोरं म्हणली, फोटो तर लागलच. झोपलो."

"मंग तुमाला उद्या देता येते."

त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. सपनाला त्याची भीती दिसत होती आणि ती भीती नुसती सुईची नव्हती. उद्या दिलं म्हणजे गेल्या महिन्यात दिलं नव्हतं. ज्या गावानं त्याच्या माईकवर भरवसा ठेवून दंड पुढं केले, त्या गावाला हे कळणार.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "पण हे आपल्या दोघांत. कोणाला म्हंजे कोणाला न्हाई. तुमी तोंड बंद ठेवा, जूनचा अन् जुलैचा माणूस मी आणतो. वसमतहून आणीन, हिंगोलीहून आणीन, कुठूनबी आणीन. तुमचे पाच परत उभे राहीपर्यंत पोरीची जिम्मेदारी माझी."

सपनानं विचार केला नाही असं नाही. फ्लेक्सच्या सावलीत उभं राहून तिनं पुढच्या दोन महिन्यांचा विचार केला, आणि त्यात दुसरं कुणी तिला दिसलं नाही.

"बरं," ती म्हणाली.

नांदेडला रक्तपेढीतल्या बाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. याआधी कधी रक्तदान केलंय? प्रेमानंद खालच्या आवाजात म्हणाला, "कधीच न्हाई." खाटेवर त्यानं डोळे गच्च मिटले. सुई टोचली तेव्हा चाळिशीतला तो माणूस लहान पोरासारखा "आई गं" ओरडला आणि त्यानं वहिनीचा हात धरला. सपनानं धरू दिला. नळीतून रक्त खाली उतरायला लागलं तेव्हा ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती, पिशवीकडं बघत होती. सगळ्यांच्या रक्तासारखंच ते रक्त होतं.

चार वाजता आकांक्षाच्या हाताला पिशवी लागली. संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांवर रंग आला आणि ती भूक लागली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंदच्या स्टेटसवर नवा फोटो होता. यावेळी नळीही होती, पिशवीही होती. सोबत आलेल्या कार्यकर्त्यानं कधी काढला, सपनाच्या लक्षात आलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'पुतणीसाठी नियम झुगारला. महिन्याभरात दुसऱ्यांदा रक्तदान. जिवाची पर्वा न करणारं नेतृत्व.' दुपारपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला.

ग्यानोबा जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या हातांनीच सपनाच्या दारात आला.

"ताई, म्या काय इचारू राहिलो, मला तीन महिने चालत न्हाई म्हणलं ना तुमी?"

"मी कुठं काही म्हणलं? तुमीच म्हणलात, जमत न्हाई म्हणून."

"कारण तसाच नियम सांगितला आजपर्यंत. मंग प्रेमानंदभाऊचं कसं चाललं? म्या उद्याच्या उद्या आलो असतो. एवढे वर्षं आलो ना? अर्ध्या हजेरीवर आलो." तो हसला, पण ते हसू कडू होतं. "का गरिबाचं रक्त जरा पातळ असते?"

सपनाच्या जिभेवर सगळं आलं. नळी, पट्टी, चेंडू, 'कधीच न्हाई'. एका वाक्यात ग्यानोबा परत तिचा झाला असता. पण तो जुलैअखेरीपर्यंत देऊ शकणार नव्हता. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आकांक्षाची पुढची तारीख होती.

"नेते लोकांचं काय सांगावं, भाऊ," ती म्हणाली. "डॉक्टर ओळखीचे असतेत."

ग्यानोबानं मान हलवली. "व्हय. ओळख पायजे." जाताना त्यानं पोरीची चौकशी केली नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदाच.

आकांक्षा आतून सगळं ऐकत होती. आता तिला स्वतःला वाचता येत होतं. शेवटचं प्रकरण उघडून ती पालथी पडली होती.

"कसं संपते?" सपनानं मशीनवर बसत विचारलं. खरं तर तिला ऐकायचं नव्हतं.

"बोगस. गाववाले मशाली घेऊन गडावर जातेत अन् जाळून टाकतेत. कारभाऱ्यासकट." आकांक्षानं पान उलटलं. "लेखकाला ठाव न्हाई. दर तीन आठवड्यानं ज्याला गडावर जावं लागते, तो मशाल न्हाई घेत."

बाहेर मोटारसायकल थांबली. प्रेमानंद होता, दोन कार्यकर्त्यांसह. एकाच्या हातात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात फळांची टोपली. दंडावरची कालची पट्टी त्यानं अजून काढली नव्हती, शर्टाची बाही मुद्दाम वर दुमडलेली. चपला काढून तो दाराशी थांबला.

"वैनी, जूनचा माणूस पक्का झाला. वसमतचा हाय, पैलवान हाय." मग आवाज जरा खाली घेऊन, "पोरीसंगं एक फोटो घेतो म्हणलं. नव्या फ्लेक्ससाठी. येऊ का?"

आकांक्षानं पुस्तकावरून डोकं वर केलं. आधी उंबरठ्याकडं पाहिलं, मग आईकडं. ती हलकेच म्हणाली, "आई, बोलवू नको."

सपनानं पायाखालचं मशीन थांबवलं. उठून पदर सारखा केला, खुर्चीवरचे शिवायला आलेले कपडे बाजूला केले.

"या भाऊजी," ती म्हणाली, "आत या."